न मागितलेला चेहरा

बादल पूनमसिंग आडे. जन्म सन १९७१, भावसिंग तांडा, फुलसावंगीनजीक, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. मृत्यू सन २०२४, त्याच तांड्यात, राहत्या घरी. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै अशी आहे. परंतु त्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख एक जुलैच आहे, म्हणून मी केवळ वर्ष ग्राह्य धरतो. व्यवसाय पेंटरचा. पश्चात पत्नी जमनाबाई आणि मुलगा ओम.

महागाव आणि पुसद तालुक्यांत बादलच्या हातची अक्षरे अजूनही वाचायला मिळतात. कृषी केंद्रांच्या पाट्या, दुकानांची शटरे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, पोळ्याच्या आधी बैलांची शिंगे, यांपैकी कोणतेही काम त्याने कमी मानले नाही. फ्लेक्स आल्यावर यातील बरेचसे गेले. एक काम मात्र फ्लेक्सवाल्यांना करता येत नव्हते, आणि ज्या घटनेसाठी मी हे लिहीत आहे तिचे मूळ त्या कामात आहे.

तांड्यांवरील जुनी माणसे फोटो न काढताच गेली. त्यांच्या मुलांना पुढे भिंतीवर आईबापांचे चित्र हवे असे. बादल अशा घरी सकाळी जाई आणि मेलेल्या माणसाची मुले, भावंडे, नातवंडे यांना ओट्यावर उजेडात ओळीने बसवी. कपाळ कोणावर गेले, हनुवटी कोणाची, हसताना ओठ कोणाचा तसा वळतो, हे तो विचारी. पण उत्तरांपेक्षा समोरच्या तोंडांकडे त्याचे लक्ष अधिक असे. घाटंजीकडील धनसिंग नावाच्या एका शेतकऱ्याच्या आईचे चित्र त्याने असेच चार मुलगे आणि एक नात यांच्यावरून उभे केले. चित्र पाहून धनसिंगची म्हातारी मावशी उठून आत गेली आणि डोक्यावर पदर घेऊनच बाहेर आली, कारण थोरली बहीण समोर बसली होती.

या कामाला बादलच्या आईने, मानीबाईने, एक नियम घालून दिला होता. तो तांड्याचा नव्हे, त्या एका घराचाच नियम असावा. मला तो दुसरीकडे आढळला नाही. मेलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या रक्ताच्या माणसांनी मागितल्याशिवाय काढायचा नाही. मागितला तरी डोळ्यांतील बुबुळे रिकामी ठेवायची. मग चित्र मागणाऱ्या घरातील वडीलधारी बाई मोठ्याने ‘उघड’ म्हणेल, त्यानंतरच ती भरायची. न मागता डोळे उघडले, तर ते माणूस बोलावल्यासारखे येते आणि कोणाकडे जायचे हे त्याला कळत नाही. म्हणून ते काढणाऱ्याच्या घरी राहते. बादलने हा नियम कधी मोडला नव्हता.

माझा पुतण्या अभिषेक पुण्याला एका कंपनीत आहे. ही कंपनी संग्राहकांसाठी पत्ते छापते. लोकप्रिय मालिकांतील पात्रांची चित्रे असलेले हे पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात, आणि काही मोजक्या पाकिटांत छापील पत्त्याऐवजी चित्रकाराने स्वतः हाताने काढलेला पत्ता निघतो. तसा पत्ता जगात एकच असतो आणि त्यासाठीच लोक पाकिटे फोडतात. सन २०२१ मध्ये अभिषेक दिवाळीला पुसदला आमच्या घरी आला असताना त्याने एका किराणा दुकानात बादलने काढलेले दुकानदाराच्या वडिलांचे चित्र पाहिले. त्याने चौकशी केली आणि ‘धुंदगड’ नावाच्या एका मालिकेच्या पत्त्यांचे काम बादलला मिळाले.

करारनामा इंग्रजीत होता. मी दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेला. दस्त वाचून दाखवणे हे माझे आयुष्यभराचे काम. बादल माझ्या घरी आला आणि मी त्याला कलमवार मराठीत अर्थ सांगितला. अकरा पात्रे काढण्यास परवानगी होती. बारावे पात्र, म्हणजे गडाची थोरली राणी, काढण्यास सक्त मनाई होती: पूर्ण नाही, अंशतः नाही, पाठमोरी नाही, सावलीत किंवा आरशातही नाही. ती भूमिका करणाऱ्या बाई मालिका चालू असतानाच वारल्या होत्या आणि त्यांच्या वारसांनी चेहऱ्याचा परवाना दिला नव्हता. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. चित्रकाराने कलावंतांशी किंवा त्यांच्या कुटुंबीयांशी कोणताही संपर्क साधू नये, असेही एक कलम होते.

बादल लक्ष देऊन ऐकत होता. मनाईचे कलम ऐकून तो हसला.

“साहेब, हा तं आमच्या याडीचाच कायदा व्हय. इंग्रजीत कोनं नेला?”

गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. त्याने आनंदाने सही केली.

कंपनीने अकरा पात्रांचे फोटो पाठवले. थोरल्या राणीचा अर्थातच नव्हता. बादलने मालिका पाहिली नव्हती. जमनाबाई तसे शपथेवर सांगतात. मोबाईलच्या काळात मी स्वतः त्याची हमी देऊ शकत नाही, परंतु त्यांच्यावर अविश्वास ठेवण्याचे कारणही मला दिसत नाही. पहिला गठ्ठा गेला आणि मंजूर झाला. कंपनीतील तपासनीस प्रत्येक पत्ता संगणकाच्या पडद्यावर स्वतंत्रपणे पाहतो. त्याने एवढाच शेरा दिला होता की पुष्कळ चित्रांत डावा डोळा किंचित असमान आहे, तो सुधारावा.

दुसरा गठ्ठा घेऊन बादल माझ्याकडे आला, कारण पार्सलवर कंपनीचे नाव आणि ठिकाण त्याला इंग्रजीत लिहून हवे होते. दुपारची वेळ होती. पाठवण्यापूर्वी मोजून घ्यावे म्हणून मी पत्ते जेवणाच्या टेबलावर सरळ ओळींत मांडले. राजकन्या, धाकटा राजपुत्र, दासी, सेनापती, वैद्य, पहारेकरी. काम उत्तम होते. मी दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीकडे नजर नेत होतो, तेव्हा टेबलावरून कोणीतरी माझ्याकडे पाहत असल्याचे मला जाणवले.

मी एकेक पत्ता उचलून पाहिला. हातात घेतला की तो सेनापती होता, वैद्य होता, त्यात वावगे काही नव्हते. खाली ओळीत ठेवला की सर्वांच्या मिळून मागे एक बाई होती. राजकन्येच्या कपाळावर ती सुरू होत होती आणि पहारेकऱ्याच्या जबड्यापर्यंत जात होती. मी चष्मा पुसला. वयोमानाने नजर फसते, हे मी जाणतो.

माझी पत्नी सुचित्रा चहा घेऊन आली. तिला करारातील काही ठाऊक नव्हते. कप ठेवायला जागा शोधताना ती थांबली.

“ही बाई कोण?” तिने विचारले.

कोणत्या पत्त्यावरची, असे मी विचारले. तिने एका पत्त्याकडे बोट दाखवले नाही. तिने सबंध टेबलावरून हात फिरवला.

बादल दाराशी उभा होता. तो पुढे आला, वाकून पाहू लागला आणि पाहता पाहता खाली फरशीवर बसला. चहा तसाच राहिला. त्याने मला एवढेच विचारायला लावले, की या पात्रांत कोणी त्या बाईच्या रक्ताचे आहे काय. मी अभिषेकला फोन केला. राजकन्येचे काम करणारी त्या बाईंची खरी मुलगी होती, धाकटा राजपुत्र खरा मुलगा, आणि दासी सख्खी बहीण. हे मालिका पाहणाऱ्यांना ठाऊक असते, आम्हांला नव्हते.

म्हणजे जे झाले ते असे. तीस वर्षे बादलचा हात नातलगांची तोंडे समोर आली की त्यांच्यातून गेलेले माणूस शोधत आला होता. येथे त्याच्यासमोर मुलगी, मुलगा आणि बहीण ठेवली गेली आणि हाताने आपले काम केले. शिवाय ही सगळी जिवंत माणसांची चित्रे, म्हणून त्याने कोणाला न विचारता बुबुळे भरली होती.

येथवरचा भाग समजण्यासारखा आहे. परंतु सेनापती, वैद्य आणि पहारेकरी यांचा त्या बाईंशी काही संबंध नव्हता आणि त्यांच्यातही ती होती. याचे स्पष्टीकरण मजजवळ नाही.

अभिषेकने कार्यालयात पहिल्या गठ्ठ्यातील शिल्लक पत्ते ओळीत लावून पाहिले. त्याने मला त्या दिवशी फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी केला. कंपनीच्या वकिलांत मतभेद झाले: एकाही पत्त्यावर मनाई केलेले पात्र नाही, मग भंग कोणत्या पत्त्याने केला? शेवटी ‘अंशतः नाही’ या शब्दांचा आधार घेऊन त्यांनी विक्री थांबवली, न विकलेली पाकिटे परत मागवली आणि दुसरा गठ्ठा नव्याने काढून मागितला.

बादलने प्रयत्न केला. राजकन्येचे फोटो त्याने उलटे करून ठेवले आणि केवळ पहारेकरी काढला. त्याच सुमारास त्याला फुलसावंगीजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर खेळणाऱ्या मुलांचे चित्र काढायचे होते, तेही काढले. आठवड्याभरात मुख्याध्यापक बबनराव यांनी मला सहज म्हणून सांगितले की त्या भिंतीलगत सावली चांगली असूनही मुले तिथे डबा खायला बसत नाहीत. विचारले तर म्हणतात, तिथली बाई ताटात पाहते. भिंतीवर बाई नव्हती. सात मुले होती. मी स्वतः जाऊन आलो. सातही मुलांचा डावा डोळा किंचित खाली होता.

मी तांड्यावर गेलो तेव्हा बादल ओट्यावर काम करीत होता. जमनाबाईंनी मला आत बोलावून हळू आवाजात सांगितले, “सायेब, हे पहिले असे बसत नोते. आता काम करतानी जरासे एका अंगाले सरकतेत. पाठीमागून कोनाले दिसावं म्हून सरकते ना मानूस, तसे.”

मी दारातून पाहिले. बादलने ब्रश पाण्यात बुडवला, कागदावर रेघ ओढली आणि मान न वळवता डावीकडे सरकून बसला. त्याच्या उजव्या खांद्यामागे जागा झाली. त्या जागेत दुपारचे ऊन होते, आणखी काही नव्हते.

मी खोकलो. त्याने ब्रश ठेवला.

“साहेब, तिच्या पोरीले विचारा,” तो म्हणाला. “हो म्हनो का नाही म्हनो. विचारल्याबिगर ते इथंच राहीन. तिचंबी इथं कोनी नाही ना. गोरबोली तिले कळत नाही, जमनीसंग बोलनार कशी?”

हे तो थट्टेने म्हणत नव्हता. त्याला तिची भीती वाटत होती, असेही मला वाटले नाही. आपल्या हातून परक्या घरचे माणूस वाट चुकले, याची त्याला लाज होती. काम राहील की जाईल याचा त्याने मला एकदाही प्रश्न केला नाही. त्याला त्या बाईंच्या माणसांचा होकार किंवा नकार हवा होता.

करारात कुटुंबीयांशी संपर्कास मनाई होती, म्हणून मी रीतसर मार्गाने कंपनीस लिहिले की वारसांना एकच प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी आले. कंपनीच्या दृष्टीने वारसांनी एकदा नाही म्हटले होते आणि पुन्हा विचारणे हाच त्या नकाराचा भंग ठरला असता. मी कंपनीला दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच लिहिले असते.

अभिषेकने मात्र मनाशी काही ठरवले होते. पत्त्यांच्या ओळी त्याने कार्यालयात एकट्याने पाहिल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याला तिथे एकट्याला बसवत नव्हते. नोकरी जाऊ शकते याची मी त्याला लेखी कल्पना दिली. तो म्हणाला, “काका, तुम्ही कलमं सांगा, मी जाऊन येतो.” दोन्ही गठ्ठ्यांतील हाती असलेले सगळे पत्ते घेऊन तो मुंबईला त्या बाईंच्या मुलीकडे गेला. तिला मी येथे शाल्मली म्हणतो.

पुढचे मला अभिषेकने सांगितले तसे लिहितो. शाल्मलीने आधी त्याला निघून जायला सांगितले. मग त्याने पत्ते तिच्या टेबलावर ओळीत मांडले. ती पाहत राहिली. तिने विचारले की या चित्रकाराला हॉस्पिटलमध्ये आत कोणी सोडले होते. अभिषेकने सांगितले की त्याने नांदेडच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही. तेव्हा ती खुर्चीत बसली. मालिकेत आई अशी नव्हतीच, ती म्हणाली. तिथे मेकअप होता, टोप होता. हा चेहरा शेवटच्या दिवसांतला. तेव्हा डावी पापणी खाली आली होती. तेव्हाचा एकही फोटो नाही, कारण आईने काढू दिला नाही.

अभिषेकने बादलचा प्रश्न विचारला. ती रडली नाही, असे तो सांगतो.

“नको,” ती म्हणाली. “ती मला म्हणाली होती, मला असं कोणालाही पाहू देऊ नकोस. मी हो म्हटलं होतं. म्हणून तिचा कोणताच चेहरा आम्ही कोणाला दिला नाही.”

परवाना का नाकारला होता हे तेव्हा आम्हांला कळले. आम्ही इतके दिवस तो पैशाचा प्रश्न समजत होतो.

अभिषेक पत्ते घेऊन थेट तांड्यावर आला. मीही गेलो. नकार ऐकून बादलने मान हलवली. उत्तर मिळाल्याने त्याचा श्वास मोकळा झालेला मी पाहिला. नकार आल्यास काय करायचे, हेही मानीबाईने सांगून ठेवले होते, पण ते करण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ज्या हाताने डोळे उघडले त्याच हाताने ते मिटायचे, आणि ‘मिट’ हे काढणाऱ्याच्या घरातील वडीलधाऱ्या बाईने म्हणायचे. मी त्याला जाणीव करून दिली की पत्ते कंपनीच्या मालकीचे आहेत, त्यांत फेरफार केल्यास करार संपेल आणि असे काम त्याला पुन्हा कोणी देणार नाही. त्याने माझे सर्व ऐकून घेतले.

“साहेब, ते मले समजलं. पन हे तिचे डोळे आहेत, कंपनीचे नाहीत.”

त्याने ओट्यावर पत्ते मांडले. जमनाबाई हात धुऊन, डोईवर ओढणी घेऊन समोर बसल्या, कारण मानीबाईनंतर घरातील वडीलधाऱ्या बाई त्याच होत्या. त्या प्रत्येक पत्त्यावर ‘मिट’ म्हणत आणि बादल बुबुळांवरून पापणी ओढून घेई. राजकन्येचे डोळे मिटले, सेनापतीचे मिटले, पहारेकऱ्याचे मिटले. ओम अंगणात उभा होता. त्याला बापाने जवळ येऊ दिले नाही. शेवटचा पत्ता झाल्यावर मी ते सगळे पुन्हा ओळीत लावले, एकदा आडवे, एकदा उभे. निजलेली अकरा प्रकारची माणसे होती. आणखी कोणी नव्हते.

बादल उठताना सरळ उठला. त्याने खांद्यामागे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी बबनरावांची परवानगी घेऊन त्याने शाळेच्या भिंतीवरील सात मुलांचेही डोळे मिटले. बबनरावांना प्रथम ते पटले नाही. नंतर त्यांनी वर ‘पुरेशी झोप आरोग्यास आवश्यक’ असे लिहून घेतले आणि अधिकाऱ्यांनी तपासणीत त्याची प्रशंसा केली. मुले आता तिथे डबा खातात.

त्यानंतर बादलने माणसाचा चेहरा काढला नाही. मेलेल्यांची चित्रे मागायला लोक येत, त्यांना तो चहा देऊन परत पाठवी. अक्षरे, आकडे, बैलांची शिंगे एवढेच काम त्याने ठेवले. सन २०२४ मध्ये, भाद्रपदात, ओट्यावर पाटी रंगवत असताना त्याच्या छातीत दुखू लागले आणि पुसदला नेण्याआधीच तो गेला. पाटीवरची अक्षरे ओमने पूर्ण केली.

आता जे मिटले आणि जे राहिले ते नोंदवतो. कंपनीने करार रद्द केला आणि झालेल्या कामाचे देणे बादलला चुकते केले. मिटलेले पत्ते वारसांच्या संमतीने नष्ट झाले. त्या वेळी साक्षीदार म्हणून मी पुण्याला हजर होतो. अभिषेकची नोकरी राहिली, पण त्याला चित्रकारांच्या विभागातून हलवले.

पहिल्या गठ्ठ्यातील काही पत्ते मात्र पाकिटांतून आधीच विकले गेले होते. त्यांतले बरेच अभिषेकने स्वतः शोधून परत मिळवले आणि बादल हयात असेपर्यंत त्याच्याकडून मिटवून घेतले. सहा मिळालेले नाहीत. त्यांपैकी दोहोंचा माग लागला नाही. चार इंदूरच्या एका गृहस्थांकडे आहेत आणि ते विकायला तयार नाहीत. त्यांनी ते चौकटीत एका ओळीत लावले आहेत. घरात एकटे असलो तरी सोबत वाटते, असे त्यांनी अभिषेकला फोनवर सांगितले. आम्ही त्यांना अधिक काही कळवलेले नाही.

गेल्या दिवाळीला मी तांड्यावर गेलो होतो. पूर्वजांच्या नावाने विस्तवावर घास टाकून झाल्यावर जमनाबाईंनी मला त्या सहा पत्त्यांविषयी विचारले. ओमचा हात बापासारखाच वळतो, त्याने मिटले तर चालेल का, असे त्यांना जाणून घ्यायचे होते. नियम त्यांच्याच सासूचा असल्याने निर्णय त्यांनीच करावा, असे मी म्हणालो. त्यांनी विस्तवाकडे पाहत थोडा विचार केला.

“उघडले त्याच हातानं मिटाचे, असं होतं ते,” त्या म्हणाल्या. “मंग तेवढं राह्यलंच, सायेब.”

त्यांनी ताटातला एक घास उचलला, कोणाचेही नाव न घेता विस्तवावर टाकला, आणि डावीकडे थोड्या सरकून बसल्या.